उठा, हापसा मारा

ऑपरेशन झालेल्या माणसाला खाटेवरून उठवणं ही माझी नोकरी होती. लोक डॉक्टरांच्या पाया पडत आणि मला शिव्या घालत. पोटावर ताजे टाके, हाताला सलाईन, आणि ही बाई सांगते, पाय खाली सोडा, उभे राहा. खडकी बाजारातल्या एका आजींनी मला तोंडावर ‘कैदाशीण’ म्हटलं होतं. बऱ्या झाल्यावर त्यांनीच चकल्या पाठवल्या, पण शब्द काही मागे घेतला नाही.

त्यांचा राग रास्त होता. ऑपरेशन म्हणजे पडून राहणं, हे त्यांच्या पिढीच्या हाडीमांसी खिळलेलं. माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. हा कारखाना १८६९ पासूनचा, त्यामुळे आमच्या आळीत कोणाचा तरी आजा, बाप, चुलता तिथेच असायचा. या माणसांना हर्निया व्हायचा. वजनं उचलायची कामं. हर्नियाचं ऑपरेशन झालेला माणूस दोन-तीन आठवडे उताणा. कुशीवर वळायचं तर नर्सला विचारून. लघवी-संडास भांड्यात. आणि सगळ्यात मायेची गोष्ट म्हणजे गुडघ्यांखाली लोड. गुडघे दुमडले की पोट सैल राहतं, टाक्यांवर ताण येत नाही, म्हणून बायका घरून जाड लोड शिवून नेत. आमच्या आईने शेजारच्यांसाठी शिवलेला एक लोड कितीतरी पेशंटांच्या गुडघ्यांखालून फिरून आला होता. गुडघ्यामागे मोठी शीर असते, ती त्या लोडाने दाबली जाते आणि पोटरीतलं रक्त तिथेच तुंबतं, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आता वाटतं, हा वेडेपणा. पण तेव्हाच्या डॉक्टरांपाशी कारणं होती आणि ती पोकळ नव्हती. टाके घालायचा धागा कॅटगटचा, म्हणजे मेंढीच्या आतड्यापासून केलेला. तो अंगात विरघळतो, आणि जखम पिकली तर वेळेआधीच विरघळतो. पोट उसवून आतडी बाहेर आलेला पेशंट ज्याने एकदा पाहिला, तो पुढच्या माणसाला उठू देईल कशाला? भूल क्लोरोफॉर्मची किंवा इथरची. शुद्धीवर आल्यावर ओकाऱ्या. त्यात जॉन हिल्टन या इंग्रज शल्यविशारदाची विश्रांतीवरची व्याख्याने १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि शरीराला स्वस्थ ठेवलं की ते आपलं आपण दुरुस्त होतं, हा विचार वैद्यकाच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडला. छावण्यांच्या इस्पितळांत तर शिस्तही त्याच्या जोडीला. पेशंट सरळ, चादर सरळ.

पुण्यातलं सगळ्यांत गाजलेलं ऑपरेशन घ्या. १२ जानेवारी १९२४ ची रात्र. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना ससूनमध्ये आणलेलं, अपेंडिक्स. कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं, मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरं करावं लागलं, ही गोष्ट पुण्यात पुष्कळांना पाठ आहे. मला त्या रात्रीपेक्षा पुढच्या दिवसांत जास्त रस. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडलं तेव्हाही ते ससूनमध्येच होते, आणि जुहूला हवापालटासाठी गेले ते मार्चमध्ये. अपेंडिक्ससाठी दोन महिन्यांच्या घरात! रोज मैलोगणती चालणारा माणूस तो. त्या काळात यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आज दुर्बिणीने अपेंडिक्स काढलेला पोरगा संध्याकाळी वॉर्डात मोबाइल हातात घेऊन येरझाऱ्या घालतो.

या पडून राहण्यातून माणसं मरत होती. टाके सुकलेले, ताप उतरलेला, घरी जायचा दिवस ठरलेला, आणि माणूस पहिल्यांदा उठून बसतो, छातीला हात लावतो, दोन श्वास घेतो आणि संपतो. घरचे म्हणत, नजर लागली. जुन्या नोंदींत ‘हार्ट फेल’ असं लिहून मोकळे. पायाच्या आतल्या शिरेत धरलेली गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊन बसायची. बर्लिनच्या रुडॉल्फ फिरशोने १८५६ च्या सुमारास हे सगळं मांडून ठेवलं होतं. रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं आणि रक्तच दाट, गोठण्याच्या बेतात असणं, ही तीन कारणं आजही परीक्षेत विचारतात. ऑपरेशनमध्ये तिन्ही एकत्र येतात. इजा आणि गोठण्याची घाई ही शरीराची जखमेवरची उत्तरंच. ती टाळता येत नाहीत. मंदावलेला वेग मात्र आपण खाटेवर पाडून ठेवून स्वतःच्या हाताने आणतो. हे कळल्यावरही खाट सुटायला ऐंशी-नव्वद वर्षं लागली. शिकागोच्या एमिल रीस नावाच्या डॉक्टरने १८९९ मध्येच पोटाच्या ऑपरेशननंतर बायकांना लवकर उठवून पाहिलं आणि ते छापलंही. फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

पेशंटला फिरशो सांगून उपयोग नसतो. मी हापसा सांगायचे. पायातलं रक्त वर चढवायला हृदयाचा जोर पुरत नाही. ते काम पोटरी करते. पोटरी आवळली की शीर पिळली जाते, शिरेत जागोजागी झडपा असतात, त्या रक्ताला खाली येऊ देत नाहीत. पाऊल टाकलं की एक दांडा मारला. गावाकडून आलेल्या जवानाला, शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळायचं. पंजा नाकाकडे ओढा, पंजा खाली दाबा. हापसा मारा. वॉर्डात माझं नावच ‘हापसावाल्या बाई’ पडलं होतं.

मी शिकले मुंबईला, परळला. केईएमची फिजिओथेरपीची शाळा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची, पोलिओच्या साथींमुळे तिची निकड भासलेली. तिथे पहिल्याच वर्षी कळलं की खाट सोडवली ती युद्धाने. १९४० च्या शरद ऋतूत लंडनवर बॉम्ब पडत होते आणि लोक रात्र रात्र तळघरांत, निवाऱ्यांत कॅनव्हासच्या आरामखुर्च्यांवर बसून काढत. कीथ सिम्प्सन या शवचिकित्सकाच्या लक्षात आलं की निवाऱ्यांतून अंगावर ओरखडाही नसलेली प्रेतं येताहेत, आणि फुफ्फुसात गुठळी. आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांपेक्षा असे मृत्यू सहा पटीने वाढले होते. दोष खुर्चीच्या पुढच्या लाकडी दांडीचा होता; ती मांडीच्या खालच्या बाजूला रुतायची आणि शीर बंद करायची. थेट आमच्या आईचा लोड. त्याने ते ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, आणि निवाऱ्यांत आडवं पडायला खाटा घालण्याच्या मागणीला बळ मिळालं.

दुसऱ्या बाजूला युद्धात खाटाच पुरेनात. पुणे-खडकी त्या काळात जखमींचं मोठं ठाणं होतं. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, त्याच धामधुमीतलं. खाट रिकामी करायची तर माणूस उठला पाहिजे, आणि उठवलेली माणसं पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरी होताना दिसू लागली. डेट्रॉइटच्या डॅनियल लाइटहाउझरने १९४६ मध्ये यावर आख्खं पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या रिचर्ड ॲशरने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर असा खुमासदार लेख लिहिला की आमच्या शिक्षिका तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवत आणि स्वतःच हसत. डोक्यापासून पायापर्यंत प्रत्येक अवयवाचं अंथरुणात काय होतं, याची त्यात यादी.

पण परळहून परत आले आणि पुण्यात काम सुरू केलं तेव्हा पाहिलं की लेख एकीकडे आणि वॉर्ड एकीकडे. मी ज्या रुग्णालयात लागले, तिथल्या मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, “बाळ, तू काय ते हातापायाचे व्यायाम घे, पण माझ्या पेशंटला खाली उतरवू नकोस.” मग मी त्यांची जेवणाची सुट्टी गाठायचे.

उठवण्यालाही पद्धत असते. पेशंटने सरळ उठून बसायचं नाही, पोटावर सगळा भार येतो. आधी कुशीवर. मग गुडघे पोटाशी, खालच्या हाताचं कोपर गादीत रोवायचं, आणि पाय खाटेबाहेर सोडताना त्यांच्याच वजनाने धड वर येऊ द्यायचं. पोटाशी उशी घट्ट धरायला द्यायची. खोकला आला तर ती आवळायची. आता थांबायचं. घाई करणाऱ्या नव्या मुली इथेच फसतात. पाय लोंबकळत ठेवून पेशंटच्या ओठांचा रंग बघायचा, कपाळावर घाम येतो का बघायचं, काहीतरी गप्पा काढायच्या. मी विचारायचे, घरी आज काय भाजी केली असेल. उत्तर सरळ आलं की माणूस शुद्धीवर आहे. मग पावलं जमिनीला, आणि उभं. पहिल्या दिवशी खाटेपासून खुर्चीपर्यंत गेला तरी पुष्कळ. पण खुर्चीत नुसतं बसवून निघून यायचं नाही. तासन्‌तास लोंबकळलेले पाय म्हणजे लंडनच्या तळघरातली खुर्चीच.

रोज पोटऱ्या मापायच्या. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली खूण, टेप फिरवायची, दोन्ही पाय. तीन सेंटिमीटरच्या वर फरक दिसला, पाय गरम लागला, की डॉक्टरांना बोलावणं. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर बहुधा कारण निराळं. एकच सुजला तर कान टवकारायचे.

औषधांची कथा मी भराभर सांगते, कारण ती कुठेही वाचायला मिळते. हेपारीन बाल्टिमोरला १९१६ मध्ये जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या हाती लागलं, कुत्र्याच्या यकृतातून. टोरंटोत ते शुद्ध झालं आणि १९३० च्या दशकात स्टॉकहोमच्या क्लॅरेन्स क्राफूर्डने ऑपरेशननंतर गुठळी धरू नये म्हणून ते देऊन पाहिलं. आज ते बहुतकरून डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. हे पेशंटला सांगायचं की नाही यावरून वॉर्डात कुजबूज चालते. माझं मत, विचारलं तर सांगावं, लपवू नये. वॉरफॅरीनचा जन्म सडलेल्या चाऱ्यातून. तो खाऊन अमेरिकेत गुरं रक्त वाहून मरत. १९४८ मध्ये ते उंदराचं औषध म्हणून विकायला आलं आणि १९५४ पासून माणसांना देऊ लागले.

खरी कलाटणी मिळाली ती १९७५ मध्ये, आणि ती देणारा माणूस भारतीय वंशाचा होता. विजय वीर कक्कर, लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातले. त्यांनी ऑपरेशनच्या दोन तास आधी हेपारीनची छोटी सुई, ५,००० युनिट, कातडीखाली, आणि पुढे आठवडाभर दर आठ तासांनी, अशी रीत घालून दिली. अनेक देशांतल्या ४,१२१ पेशंटांवर ती तपासली. सुई न दिलेल्यांत फुफ्फुसातल्या गुठळीने १६ जण गेले, दिलेल्यांत २. अंदाजपंचे चाललेली गोष्ट आकड्यांत बसली.

आणि आमच्याकडे काय? आमच्याकडे कक्करांचं नाव अभिमानाने घ्यायचं आणि त्यांची सुई द्यायची नाही. का, तर ‘आपल्या लोकांना गुठळ्या होत नाहीत’. हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. गोऱ्यांचा आजार, आपण मांडी घालून बसतो, उकिडवे बसतो, भाजी-भाकरी खातो, हवा गरम. सगळं ऐकायला छान. होत नव्हत्या असं नाही, शोधत कोणी नव्हतं. पायाची डॉपलर सोनोग्राफी आली आणि पडदा सरकला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या अस्थिशल्यविशारदांनी मांडी-गुडघ्याच्या मोठ्या ऑपरेशनांनंतर तपासून पाहिलं, २००० नंतरच्या काही वर्षांत छापलं, आणि गुठळ्या सापडल्या, चांगल्या भरपूर. लष्कराच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: अतिउंचावर दीर्घकाळ राहिलेल्या जवानांत गुठळ्यांचं प्रमाण सुमारे तीसपट. यातले पुष्कळ जण विशी-तिशीतले, पीटी करणारे, भाकरी खाणारेच. थंडी, पाण्याची कमतरता, विरळ हवेमुळे दाट होणारं रक्त आणि तंबूत अडकून पडणं. फिरशोची तीन कारणं बर्फात जाऊन बसलेली.

तरी सवय जाईना. २०१२ मध्ये भारतातल्या दहा रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. गुठळीचा धोका असलेल्या पेशंटांपैकी जेमतेम सतरा टक्क्यांना ठरवून दिलेला प्रतिबंधक उपाय मिळत होता.

खडकीत मात्र या प्रश्नाची एक बाजू अशी आहे की जिथे माझी ‘उठा’ची आरोळी चालत नाही. खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलात मणक्याच्या दुखापतीचे जवान येतात, आणि पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर तर १९७४ पासून आहे. १९१७ मध्ये मुंबईत अपंग जवानांसाठी निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटही पुढे खडकीलाच आली. पहिल्या महायुद्धापासून मोडलेली माणसं या गावाने पाहिली आहेत. चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळणारे दांडगे खांदे आम्हाला नवे नाहीत.

कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाची पोटरी आवळतच नाही. हापसा आहे, दांडा मारणारं कोणी नाही. मणक्याला मार बसल्यानंतरचे पहिले तीन महिने गुठळीच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट. त्यातून पायाला संवेदना नसते, म्हणजे पोटरी दुखली तरी तो सांगणार नाही. टेप आणि डोळे हाच आधार. मग दुसऱ्याने ते पाय हलवायचे: घोटा, गुडघा, खुबा, सकाळ-संध्याकाळ. पायाला हवेच्या पट्ट्या बांधतात, त्या फुगतात आणि सुटतात. सुई सहसा आठ ते बारा आठवडे चालू ठेवतात. आणि दर दोन तासांनी कुशी बदलणं, हा लुडविग गुटमान यांचा वारसा. नाझींच्या तावडीतून निसटलेले हे डॉक्टर १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलला मणक्याच्या वॉर्डावर आले. पहिल्या महायुद्धात असे जखमी बहुतेक दगावत. यांनी त्यांना वळवलं, बसवलं, आणि २९ जुलै १९४८ ला हातात धनुष्यं देऊन स्पर्धेला उतरवलं. तिथूनच पॅरालिम्पिक. सांगलीकडच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या खाऊन खाटेला खिळले होते. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात त्यांनी सोनं घेतलं. लोक त्यात जिद्द बघतात, बरोबर आहे. मला त्यात पाठीच्या जखमा आणि शिरांतल्या गुठळ्या यांच्यावर झालेली वॉर्डातली रोजची मेहनतही दिसते. तिचं पदक कोणी देत नाही.

आता निवृत्त होऊन घरी आहे, तर गल्लीतले लोक विचारायला येतात. गुडघे बदललेली माणसं आता घरटी एक. सगळ्यांत मोठी भीती मला मालिशीची वाटते. पाय सुजला की सून कोमट तिळाचं तेल घेऊन बसते आणि पोटरी चोळते, भक्तिभावाने. एका पायाची सूज असेल तर चोळायचं नाही. आधी डॉपलर. गुठळी असेल तर चोळून ती सुटू शकते, आणि अचानक धाप लागली, छातीत कळ आली, थुंकीत रक्त आलं तर नातेवाइकांना फोन करत न बसता दवाखाना गाठायचा. हे मी एवढं बोलले आहे की शेजारच्या पाटीलकाकू मला पाहिलं की तेलाची वाटी पदराआड करतात.

सुईचीही तक्रार असते: महाग, पोटावर निळे डाग. अलीकडे साध्या ॲस्पिरिनला बरे दिवस आलेत. अमेरिका-कॅनडातल्या हाड मोडलेल्या १२,२११ पेशंटांवरचा अभ्यास २०२३ मध्ये आला; मृत्यू टाळण्यात ॲस्पिरिन सुईच्या मागे पडलं नाही, पायातल्या गुठळ्या मात्र थोड्या जास्त निघाल्या. कोणाला काय द्यायचं ते त्याच्या डॉक्टरने ठरवायचं. व्हॉट्सॲपवर वाचून गोळी बदलणाऱ्यांना मी हाकलून देते.

राहता राहिले ते पांढरे घट्ट मोजे. मांडीपर्यंतचे, चढवायला दोन माणसं लागणारे. पुण्याच्या मे महिन्यात ते घालायला लावणं म्हणजे भांडणच. एका निवृत्त हवालदारांनी माझ्यासमोर ते घातले आणि दुसऱ्या भेटीत पाहिलं तर त्यांत कांदे भरून माळ्याला टांगलेले. मी फार बोलले त्यांना. पुढे २०२० मध्ये ब्रिटनमधला १,९०५ पेशंटांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला: ठरवून केलेल्या ऑपरेशनांत सुई चालू असेल तर मोज्यांनी फारसा फरक पडत नाही. तो त्यांना वाचून दाखवला. हवालदार म्हणाले, “बाई, मोजा झकास आहे. कांदा सहा महिने कुजत नाही.”